असईच्या लढाईसाठी स्वस्तातले प्लॅस्टिकचे शिपाई : माप, प्लॅस्टिक आणि रंग

खेळघर (धागालेखक)

मंडळी, नमस्कार.

दिवाळीत मुलीने केलेला किल्ला मोडल्यावर त्यावरचे मावळे बुटाच्या एका खोक्यात भरले आणि घरात दुसरे रिकामे खोके नसल्यामुळे माझ्या दोन वर्षांच्या खरेदीतले प्लॅस्टिकचे शिपाईही त्यातच टाकले. दुसऱ्या दिवशी खोके उघडले, तेव्हा आपण किती पैसे पाण्यात घातले हे एका नजरेत दिसले. सगळ्यांत उंच मावळा, त्याच्या खांद्याला लागणारा जत्रेतल्या पिशवीतला हिरवा अमेरिकन सैनिक, आणि त्या हिरव्याच्या मांडीपर्यंत जेमतेम पोचणारा पेटीतला नेपोलियनच्या काळातला फ्रेंच. प्रत्येक खरेदी त्या त्या वेळी स्वस्त वाटली होती, परंतु एका टेबलावर एका लढाईत एकत्र उभे राहू शकतील असे पन्नास शिपाईसुद्धा त्या ढिगाऱ्यातून निघत नव्हते.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वॉरगेमिंग म्हणजे छोट्या सैनिकांच्या तुकड्या पुठ्ठ्याच्या तळांवर चिकटवून, फुटपट्टीने अंतर मोजत आणि फासे टाकत एखादी लढाई टेबलावर खेळणे. त्यासाठी धातूचे किंवा रेझिनचे देखणे शिपाई मिळतात, पण ते एकेका नगाच्या भावाने घ्यावे लागतात आणि लढाईला लागतात शेकड्यांनी. म्हणून जगभर अनेक जण मुलांच्या खेळण्यांतले आणि पेट्यांमधले मऊ प्लॅस्टिकचे शिपाई वापरतात. माझा बेत २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईचा आहे. शिंद्यांच्या कवायती (युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या) पलटणी एका बाजूला आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज दुसऱ्या बाजूला.

दोन वर्षांत जे समजले ते असे की, स्वस्त शिपाई वाईट नसतो, बेमाप खरेदी वाईट असते. पावणेसहा फुटी माणूस १:७२ या प्रमाणात साधारण २४ मिलिमीटर भरतो आणि १:३२ मध्ये ५५ मिलिमीटर. यांपैकी एक माप ठरवायचे आणि दुसऱ्या मापाची वस्तू फुकट मिळाली तरी घ्यायची नाही, हा नियम मी आधी केला असता तर आज कपाटात दोनशे हिरवे सैनिक, त्यांपैकी कित्येक हुबेहूब एकाच अवतारातले, पडून राहिले नसते. आता मी १:७२ वर ठाम आहे, कारण माझे जेवणाचे टेबल चार बाय अडीच फुटांचे आहे आणि जेवणाच्या वेळेला ते रिकामे करून द्यावे लागते.

विचारायचे ते असे. या मापातल्या पेट्यांमधले शिपाई मऊ प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांच्यावरचा रंग माझ्याकडे आठवडाभरही टिकत नाही. संगीन जरा वाकली की तिच्यावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटून येतो. शिवाय शिंद्यांच्या तिलंग्यांची (कवायती हिंदी शिपायांची) तयार पेटी माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे फ्रेंचांचेच पागोटेवाले करावे लागणार आहेत. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

गेरूकाम

तुमच्या रंगाच्या अडचणीचे मूळ रंगात नसून प्लॅस्टिकमध्ये आहे. 'मऊ प्लॅस्टिक' हा शब्द आपण सरसकट वापरतो, परंतु त्यात निदान दोन वेगळ्या जाती असतात आणि दोघींशी वागण्याची रीत वेगळी आहे. पहिली पॉलिएथिलीन. हे मेणचट लागते, त्याला काहीही चिकटत नाही, सुपरग्लूसुद्धा नखाने निघतो. दुसरे पीव्हीसी. याला रंग बरा धरतो, पण त्याला मऊ ठेवण्यासाठी घातलेले द्रव्य हळूहळू पाझरते आणि त्यामुळे तेलाधारित इनॅमल रंग किंवा काही स्प्रे प्रायमर महिनोन्‌महिने चिकट राहतात. तिसरे कडक पॉलिस्टायरीन, ज्याची विमानांची किट असतात. त्याला मॉडेलचा सिमेंट गोंद चालतो, बाकी दोघांना तो निरुपयोगी.

ओळखायचे कसे, तर स्वयंपाकघरातले दोन वाडगे घ्या. एकात साधे पाणी, दुसऱ्यात मीठ विरघळायचे थांबेपर्यंत घातलेले पाणी, आणि दोन्हींत भांडी घासायच्या साबणाचा एकेक थेंब, म्हणजे शिपायाच्या काखेत हवेचे बुडबुडे अडकणार नाहीत. पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे दोन्ही वाडग्यांत तरंगते. पॉलिस्टायरीन साध्या पाण्यात सावकाश बुडते आणि मिठाच्या पाण्यात वर येते. पीव्हीसी बहुतेक वेळा दोन्हींत तळ गाठते. पोकळ मावळ्यांवर ही परीक्षा करू नये, कारण आतल्या हवेमुळे उत्तर चुकते.

पॉलिएथिलीन निघाले तर माझी रीत अशी आहे. शिपाई साच्यातून काढताना लावलेला तेलकट थर त्यांच्यावर राहिलेला असतो, म्हणून आधी कोमट साबणपाण्यात जुन्या टूथब्रशने घासून पूर्ण वाळवायचे. मग फेविकॉल थोड्या पाण्यात सायीइतका सैल करून त्याचा एक हात सगळ्या अंगाला द्यायचा. वाळताना तो आकसतो आणि शिपायाला मोजा चढवल्यासारखा घट्ट बसतो. हा पापुद्रा लवचीक असल्यामुळे संगीन वाकली तरी तो तिच्याबरोबर वाकतो. त्यावर ॲक्रिलिक रंग आणि शेवटी ॲक्रिलिक वार्निशचे दोन हात. फेविकॉल ओलाव्याला भितो, त्यामुळे वार्निश टाळून चालणार नाही, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात.

टेम्सकाठचा कोल्हापूरकर

धागा वाचून फार आनंद झाला. मी बावीस वर्षे इंग्लंडमध्ये आहे आणि या छंदाचे माहेर हेच असल्यामुळे थोडी पार्श्वभूमी देतो.

येथे एअरफिक्स कंपनीने १९५९ मध्ये पेटीतले छोटे सैनिक काढले, त्यांतली पहिली पेटी राजवाड्याच्या रक्षकांच्या बँडची होती. एका पेटीत चाळीस-पन्नास नग, तेही मुलांच्या खाऊच्या पैशांत येणारे. त्याआधी एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली घरातल्या जमिनीवर खेळायच्या लढायांचे नियम छापले होते, परंतु त्यांचे सैनिक ५४ मिलिमीटरचे धातूचे होते आणि तोफा खरोखर लाकडी गोळी उडवणाऱ्या. म्हणजे खेळायला दिवाणखाना हवा आणि सैनिक घ्यायला पैसे हवेत. एअरफिक्समुळे तोच खेळ मध्यमवर्गीय घरातल्या टेबलावर आला. पुढे इटलीची एस्सी, तिचे साचे पुढे वापरणारी इटालेरी, रशियाची झ्वेझ्दा, अमेरिकेतली हॅट, अशा अनेकांनी हेच माप चालू ठेवले. आज १:७२ मध्ये जितके काळ आणि जितक्या फौजा मिळतात तितक्या या किमतीत दुसऱ्या मापात मिळत नाहीत, त्यामुळे तुमची निवड योग्यच आहे. पेटी घेण्यापूर्वी 'प्लॅस्टिक सोल्जर रिव्ह्यू' या संकेतस्थळावर तिच्यातल्या सगळ्या सैनिकांची छायाचित्रे पाहून घ्यावीत. म्हणजे झाकणावरचे चित्र पाहून फसण्याची वेळ येत नाही.

दोन इशारे देतो. पेटीवर १:७२ लिहिलेले असले तरी एअरफिक्सचे सुरुवातीचे संच खेळण्यातल्या रेल्वेच्या मापाचे, म्हणजे बरेच बुटके आहेत. नव्या पेट्यांतल्या दांडग्या शिपायांशेजारी ते किशोरवयीन दिसतात. एका तळावर एकाच कंपनीचे शिपाई ठेवावेत, वेगवेगळ्या तळांवर फरक खपतो. दुसरे, जुना माल स्वस्त मिळाला म्हणून डोळे झाकून घेऊ नये. रविवारच्या जुन्या बाजारात मी बिस्किटाच्या डब्यातले दोनशेभर हायलंडर (स्कॉटिश शिपाई) हौसेने घेतले. घरी येऊन एकाला साबणपाण्यात घातले आणि टूथब्रश लावताच त्याची बंदूक खडूसारखी तुटली, पाठोपाठ घोटे. पन्नास वर्षांत ते प्लॅस्टिक ठिसूळ झाले होते. आता जुना माल घेताना विकणाऱ्याच्या परवानगीने एक संगीन हलकेच वाकवून पाहतो. ती परत सरळ झाली तरच पाकीट काढतो.

पुठ्ठेवाला

माझे मत थोडे वेगळे आहे, राग मानू नये. परदेशी पेट्या आपल्याकडे स्वस्त राहिलेल्याच नाहीत. खेळण्यांवरचे मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. एका पेटीच्या मूळ किमतीवर शुल्क आणि वाहतूक चढवून हिशेब केला, तर 'स्वस्त प्लॅस्टिक' हा शब्द लाजेकाजेस्तवच उरतो. मी कागदी शिपाई छापतो, दोन बाजू चिकटवतो, कातरतो आणि लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर उभे करतो. शंभर शिपायांचा खर्च एका झेरॉक्सच्या दुकानात भागतो आणि पागोटे हवे तर पागोटे, टोपी हवी तर टोपी. हिरव्या सैनिकांच्या पिशवीत तर बाझुका, रेडिओवाला आणि सुरुंग शोधणारा असे लोक निघतात. त्यांचे १८०३ साली काय करायचे?

खेळघर (धागालेखक)

पुठ्ठेवाला, आयातीचा मुद्दा शंभर टक्के मान्य आहे, आणि लग्नपत्रिकेचे तळ तर मी आजपासूनच सुरू करतो. आमच्याकडे गेल्या दोन मोसमांच्या पत्रिका तशाच पडून आहेत. मात्र कागदी शिपाई बाजूने पाहिला की रेघ होतो. माझ्या मनाला ते पटत नाही, हा दोष माझाच समजावा.

गेरूकाम, काल रात्री वाडग्यांची परीक्षा केली. जेवणानंतर गॅसच्या ओट्यावर दोन वाडगे मांडून एकेक शिपाई सोडत होतो आणि आईने येऊन शांतपणे विचारले की, हे मीठ पुन्हा भाजीत वापरायचे नाही ना. निकाल असा लागला. फ्रेंच दोन्ही वाडग्यांत तरंगले. हिरव्यांपैकी एका पिशवीतले तरंगले आणि दुसऱ्या पिशवीतले दोन्हींत बुडाले, म्हणजे बाहेरून हुबेहूब दिसणारे दोन सैनिक वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे निघाले. ज्यांच्यावरचा इनॅमल रंग गेल्या मे महिन्यापासून बोटाला लागतो, ते सगळे बुडणारेच आहेत. दोन वर्षे मी रंगाच्या बाटलीला दोष देत होतो.

दोन्ही पिशव्यांतले सैनिक शेजारी ठेवले तर बुडणारा दोन मिलिमीटरने बुटकाही आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर नाकाच्या जागी नुसता उंचवटा आहे. असे का व्हावे?

साचेकाम

मी प्लॅस्टिकच्या साच्यांच्या धंद्यात आहे, खेळणी मात्र आम्ही करत नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तयार सैनिकावरूनच नवा साचा केला, तर नवा सैनिक मूळ सैनिकापेक्षा लहान होतो, कारण वितळलेले प्लॅस्टिक थंड होताना आकसते. पॉलिएथिलीन तर दोन टक्क्यांच्या आसपास सहज आकसते. नकलेची पुन्हा नक्कल झाली की उंची आणखी घटते आणि दर वेळी बारीक कोरीवकाम बुजत जाते. तुमचा बिननाकाचा सैनिक कुणाचा तरी नातू किंवा पणतू असणार.

खेळण्यातल्या सैनिकाचे हात छातीला आणि बंदूक डगल्याला चिकटलेली का असते, हेही येथे सांगून ठेवतो. स्वस्त साचा दोन भागांचा असतो आणि तो सरळ रेषेत उघडतो. उघडताना अडकेल असा कोणताही खोलगट भाग ठेवता येत नाही, म्हणून हात आणि छाती यांच्यामधली पोकळी प्लॅस्टिकने भरून टाकतात. म्हणूनच खांद्यावर बंदूक टाकून चालणारा शिपाई स्वस्त साच्यातूनही नीटनेटका निघतो आणि समोर बंदूक रोखलेला शिपाई बेढब निघतो. तुम्हाला कवायती पलटणी करायच्या असतील, तर चालते आणि ताठ उभे शिपाई बघून घ्या. डोळ्यापासून तीन फुटांवर नाक दिसत नाही, उभे राहण्याची ढब दिसते.

भोकरदनकर

असईचे नाव वाचून राहवले नाही. गाव आमच्या तालुक्यातले. माझा शिपायांशी संबंध नाही, मात्र जमिनीशी आहे, म्हणून टेबलाच्या मापाबद्दल लिहितो.

केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ही लढाई झाली. शिंद्यांची फौज केळणेच्या उत्तरेला दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. वेलस्लीने समोरासमोरच्या काठांवरची पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे पाहिली आणि त्यांच्यामध्ये नदीला उतार (पायी ओलांडण्याजोगी जागा) असणारच, असा तर्क करून तिथून नदी ओलांडली. तेव्हा शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती पोलमन याने आपली सगळी रांग काटकोनात फिरवली आणि उजवी बाजू केळणेवर व डावी असई गावावर टेकवून सुमारे एक मैलाची नवी फळी धरली. कवायती पायदळ होते सुमारे १०,८०० : पोलमनच्या ८ पलटणी, सरधन्याच्या बेगम समरूच्या ५ आणि युरोपीय अधिकारी दुपों याच्या ४. म्हणजे १७ पलटणी, दर पलटणीला सव्वासहाशेच्या आसपास माणसे.

आता हिशेब बघा. एका मैलाला टेबलावर ८० सेंटिमीटर दिले, तर १ सेंटिमीटर म्हणजे २० मीटर. सव्वासहाशे माणसे तीन रांगांत उभी केली तर एका रांगेतले दोनशेदहा जण खांद्याला खांदा लावून साधारण १२० मीटर जागा घेतील, म्हणजे टेबलावर ६ सेंटिमीटर. तळ ६ सेंटिमीटरचा, त्यावर चार शिपाई, १७ तळांना ६८ शिपाई. एवढ्यांत शिंद्यांचे कवायती पायदळ पुरे होते. पोलमन आणि दुपों यांचे १२ तळ ७२ सेंटिमीटरमध्ये बसतात आणि समरूच्या बेगमेचे ५ असई गावाजवळ ठेवता येतात. मोठ्या मापाचे हिरवे सैनिक घेतले असते, तर हाच तळ १४ सेंटिमीटरचा झाला असता आणि ती फळी टेबलावरून स्वयंपाकघरात गेली असती.

खेळघर (धागालेखक)

भोकरदनकर, तुमचे उपकार कसे फेडू? मी एका शिपायाला पन्नास माणसे धरून दोनशेसोळा शिपायांच्या मागे लागलो होतो. अडुसष्ट म्हणजे दोन पेट्यांचे काम, तेही मुख्यतः चालत्या शिपायांचे.

पागोट्यांचा प्रयोग करून पाहिला. फ्रेंच शिपायाची उंच टोपी कपाळाच्या रेषेवर धारदार कटरने सपाट कापली. पॉलिएथिलीन कडक भाजीसारखे न कापता ओल्या साबणासारखे कापले जाते, त्यामुळे पाते नवे हवे. मग पतंगाच्या कागदाची बोटभर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद पट्टी फेविकॉलमध्ये भिजवून, पीळ देऊन डोक्याभोवती दोन वेढे घातले आणि टोक सुईने आत खोचले. पहिल्या चार शिपायांची पागोटी फणसाएवढी झाली. पाचव्याला जमले. डगला लाल, पागोटे निळे, पट्टे काळे, असा कवायती शिपायांचा वेश मी धरला आहे. निळ्या कागदाचाच पतंग मिळाल्यामुळे पागोट्याला रंग द्यायचीही गरज पडली नाही.

हिरव्या सैनिकांचे काय करावे, हे मात्र अजून सुचलेले नाही.

गेरूकाम

कागदावर वार्निश विसरू नका, पतंगाचा निळा रंग ओल्या फेविकॉलने खाली चेहऱ्यावर उतरतो. माझ्या एका पलटणीला त्यामुळे कायमचे निळे कान आहेत.

हिरवे बाजूला ठेवा आणि दुसऱ्या महायुद्धातली इटलीची आघाडी खेळा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजीच्या अप्पर टायबर खोऱ्यातल्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या कामगिरीसाठी. हिरव्यांचे शिरस्त्राण अमेरिकन खोलगट आहे, आपल्या शिपायांचे ताटलीसारखे पसरट होते, एवढा फरक बोर्डाच्या गोल चकतीने झाकता येतो. तळ एका एका सैनिकाचा ठेवला, तर दहा-पंधरा जणांची चकमक अंगणातही खेळता येते.

साचेकाम

एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक पेटीत दोन-तीन पडलेले, मेलेले शिपाई निघतात आणि लोक ते फेकून देतात. असईसाठी ते जपून ठेवा. इंग्रज पायदळ तोफांवरून पुढे गेल्यावर, मेल्यासारखे पडून राहिलेले शिंद्यांचे गोलंदाज (तोफा डागणारे) उठले आणि त्यांनी त्याच तोफा फिरवून इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला, असे वर्णन मी वाचले आहे. तुमच्या नियमांत त्याला जागा हवी.

खेळघर (धागालेखक)

साचेकाम, तुमचा प्रतिसाद वाचून कचऱ्याची पिशवी पुन्हा उघडली. काल दुपारीच मी अकरा पडलेले शिपाई त्यात टाकले होते. नऊ सापडले. त्यांपैकी सहांना पतंगी पागोटी चढवली आहेत आणि तोफांच्या तळांमागे सुटे ठेवले आहेत, चिकटवलेले नाहीत. इंग्रजांची पलटण तोफेच्या तळावरून पुढे गेली की शिंद्यांचा खेळाडू फासा टाकेल आणि पाच किंवा सहा पडले, तर पडलेला शिपाई उचलून त्याच्या जागी उभा गोलंदाज ठेवता येईल. काल मुलीबरोबर पहिला डाव खेळलो. पोलमनची बाजू तिने घेतली होती. तिसऱ्या फेरीत मी ७४ व्या हायलंडर पलटणीला घेऊन असई गावाकडे गेलो आणि तिने लागोपाठ दोन सहा टाकले.